रंगनाथांचे वाघ

विश्रांतवाडीच्या दोन खोल्यांच्या घरात शालनताईंनी कपबशांचं कपाट रिकामं केलं आणि तिथे पहिला बिबट्या ठेवला, ते साल शहाण्णव. त्या टेलिफोन खात्यात नोकरीला होत्या. एका रविवारी जुन्या बाजारात नळाची चावी शोधायला गेल्या, आणि गंजक्या कुलपांच्या ढिगाशेजारी तो बसलेला दिसला. वीतभर उंचीचा, चिनी मातीचा, एक कान उडालेला. उलटा करून पाहिला, तर बुडाशी दोन निळे टिपके. शालनताई तिथेच फुटपाथच्या कडेला टेकल्या.

त्यांचे वडील रंगनाथ चांद्याकडून पुण्यात आले आणि चिनी मातीच्या एका कारखान्यात रंगकामाला लागले. साच्यातून निघालेल्या वाघ-सिंहांवर पट्टे नि मिशा काढायच्या, हे त्यांचं काम. ब्रश खाली ठेवण्याआधी ते प्रत्येकाच्या बुडाशी दोन निळे टिपके देत. बाकीचे लोक कॅलेंडरवरचा वाघ बघून रंगवत. रंगनाथांनी लहानपणी रानात खरा पाहिलेला. एकोणऐंशीत ते गेले. पुढे कारखानाही बंद पडला. कामगारांना तयार माल घरी न्यायला मनाई होती, त्यामुळे वडिलांच्या हातचं घरात काहीच नव्हतं.

त्या बिबट्यापासून शालनताईंनी ध्यासच घेतला. त्याच सुमारास कोरेगाव पार्काकडचे जुने बंगले पडू लागले होते. त्या जागी कॉम्प्युटर कंपन्यांच्या काचेच्या इमारती उठत होत्या. पडणाऱ्या बंगल्याचं सामान दारात मांडलेलं असे. शालनताई रजा टाकून जात आणि टिपके असले तरच वस्तू उचलत. आठ वर्षांत सोळा जमले.

"पाहुण्यांनी बसायचं कुठे, हे आता वाघांनाच विचारायला हवं," असं त्यांचे यजमान दत्तप्रसाद म्हणत. मात्र कपाटावरची धूळ पुसायचं काम त्यांनी आपणहून घेतलं होतं.

दोन हजार चारमध्ये एक सिंहीण मिळाली. घरी आणून धुतली, तेव्हा टिपक्यांशेजारी मातीत कोरलेलं साल दिसलं. १९८३.

शालनताईंनी ओल्या हातांनीच दत्तप्रसादांना मोरीपाशी बोलावलं.

"अहो, बाबा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती," त्या म्हणाल्या. "मग ही कुणाची? आणि बाकीचे?"



कारखान्यातल्या जुन्या लोकांकडे विचारपूस केल्यावर कसबा पेठेतल्या सुंदराबाईंचं नाव कळलं. त्याही रंगकामालाच होत्या. जुन्या साड्यांत गुंडाळून सतराही जनावरं नवराबायकोने रिक्षातून नेली.

सुंदराबाई सत्तरीच्या पुढच्या, भाचीकडे राहणाऱ्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"टिपके माणसाचे नव्हते गं, टेबलाचे होते," त्या म्हणाल्या. "आम्ही तिघं बसायचो त्या टेबलावर. तुझे वडील, मी आणि गोविंदा. प्रत्येक टेबलाची खूण वेगळी."

शालनताईंचा चेहरा उतरला. म्हातारीने खाट खिडकीशी ओढायला लावली आणि एकेक जनावर डोळ्यांशी धरून पाहू लागली.

"हा माझा. मिशा बघ कशा घाईत ओढल्यात. धाकटी तापाने फणफणली होती, जीव घरी होता माझा." मग एका वाघावर त्या थांबल्या. "हा रंगनाथभाऊंचा. ते डोळा पुरता काळा करत नसत. कडेला पिवळी रेघ सोडायचे. म्हणायचे, खऱ्याची असते."

शालनताईंनी वाघ हातात घेतला. पिवळी रेघ होती. केसाएवढी. त्यांनी पदर तोंडाला लावला.

सतरांपैकी तीन वडिलांचे निघाले, चार सुंदराबाईंचे. उरलेल्या दहांबद्दल म्हातारीला खात्रीने सांगता येईना.

"तुमचे चार तुमच्याकडे ठेवा," शालनताई म्हणाल्या.

"चार कुठे ठेवू? खोली बघितलीस ना?" सुंदराबाईंनी त्यांतला लहानसा चित्ता निवडला आणि भाचीला टीव्हीवरचं फुलांचं भांडं उचलायला सांगितलं. "एकवीस वर्षं रंगवत होते. आजवर कधी सुकलेला पाहिला नव्हता, लगेच भट्टीकडे जायचे."

परतताना रिक्षात दत्तप्रसादांनी विचारलं, "त्या दहांचं काय करायचं?"

मांडीवरची पिशवी सावरत शालनताई म्हणाल्या, "येत्या रविवारी गोविंदाचं घर शोधू या. येरवड्याला असेल म्हणाल्या त्या."