तेवीस पत्रं, एकच अक्षर

शिक्षकांच्या एका ऑनलाइन परिषदेत नॉर्वेच्या एका बाईंशी माझी जोडी लावून दिली गेली. त्यांची शाळा समुद्राकाठच्या लहान गावात, माझी पालेगावात. दोघींच्या वर्गात योगायोगाने चोवीस-चोवीस मुलं होती, त्यामुळे प्रत्येकाला एकेक पत्रमित्र मिळणार होता. विषय ठरला, ‘आमच्या घरी पाणी कसं येतं’. मुलांनी आपापल्या भाषेत पत्र लिहायचं, खाली शिक्षकाने इंग्रजीत अर्थ द्यायचा आणि स्कॅन करून पाठवायचं. ऐकायला इतकं सोपं होतं की मी तिथल्या तिथे हो म्हणून बसले.

शाळेबाहेर जाणारी वस्तू नीटनेटकी गेली पाहिजे, हे माझ्या अंगात भिनलेलं आहे. तपासणीला साहेब येणार असले की आठ दिवस आधीपासून माझ्या वर्गातले तक्ते सरळ होतात, आणि हे तर परदेशात जायचं होतं. म्हणून मी फळ्यावर नमुना लिहून दिला. ‘आमचे पाणी बारवी धरणातून जांभूळला येते. तेथे ते शुद्ध होते. मग ते नळाने आमच्या घरी येते.’ मुलांनी ते उतरवलं आणि शेवटी आपल्या मनाची एखादी ओळ जोडली. मजकूर ठीक होता, पण अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ते पाठवायची मला लाज वाटली.

प्रत्येक वर्गात मोत्यासारखं अक्षर असलेली एक मुलगी असतेच. फळ्यावरचा सुविचार तीच लिहिते, प्रमाणपत्रावरची नावंही तीच घालते. माझ्या सहावीत ती दुसऱ्या बाकावर बसायची. मी तिला कोरे कागद दिले आणि म्हटलं, सगळ्यांची पत्रं फेअर करून दे. खेळाच्या तासाला मुलं मैदानात गेली की ती वर्गात बसून लिहायची. पाचव्या दिवशी तिने गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला. झाली का सगळी, विचारलं तर म्हणाली, ‘हो बाई.’ मी ती चाळली, खूश झाले, आणि न मोजताच खाली इंग्रजी अर्थ घालून स्कॅन करून पाठवली.

मग त्यांच्याकडची पत्रं आली आणि मी चक्रावून गेले. एकावर कसला तरी तेलकट डाग होता. एकाने पाण्याबद्दल एक ओळ लिहून उरलेलं पानभर कुत्र्याबद्दल लिहिलं होतं. खाडाखोड तर सगळीकडे. मला आधी रागच आला. आम्ही इतकं जिवापाड करून पाठवायचं आणि यांनी वह्यांची पानं फाडून पाठवायची, हा काय प्रकार?

मग बाईंची मेल आली. अक्षर फार सुंदर आहे, हे सगळं एकाच मुलीने लिहिलं आहे का? मला वाटलं, कौतुक केलं. देवनागरी वाचता येत नसूनही बाईंना अक्षर दिसलं, याचंच मला अप्रूप. मी आनंदाने कळवलं की हो, ही आमच्या वर्गातली सर्वांत सुंदर अक्षराची मुलगी. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. मग बाकीच्या मुलांनी काय केलं?

एवढंच. पुढे नेहमीसारखं स्नेहपूर्वक वगैरे. ती ओळ मी तीनदा वाचली. चिडल्यात, की खरंच माहिती हवी आहे? आपल्याकडे असं कुणी विचारलं तर टोमणा आहे हे सरळ कळतं, तिकडचं काय सांगणार? उल्हासनगरहून येणाऱ्या आमच्या गणिताच्या सरांना मी मेल दाखवली. ते म्हणाले, ‘मॅडम, फालतू टेन्शन घेऊ नका. तारीफ केलीय तिने. स्क्रीनशॉट मारा आणि शाळेच्या ग्रुपवर टाका.’ मी टाकला नाही. का, तेही तेव्हा नीट सांगता आलं नसतं.

त्या मेलला काय उत्तर द्यावं याचा विचार करण्यात चार दिवस गेले आणि तिसरी मेल आली. त्यांच्या वर्गातल्या एका मुलीला पत्र मिळालेलं नाही. ती रोज सकाळी विचारते, आज आलं का. आता पत्र कधी येईल हे तिला काय सांगू?

मी हजेरीपट घेऊन पत्रांवरची नावं ताडून पाहिली. पत्रं तेवीस होती. जिचं नव्हतं, तिनेच ती सगळी लिहिली होती.

मधल्या सुट्टीत तिला बोलावलं. ‘तुझं पत्र कुठंय?’

‘माझं नाही लिहिलं, बाई.’

‘अगं, मग सांगितलं का नाहीस?’

‘मला वाटलं, मी सगळ्यांची लिहितेय, म्हणजे मला लिहायचं नाहीये.’

तिकडे ती दुसरी मुलगी वाट बघत होती, म्हणून मी घाईनेच म्हटलं, ‘बरं, आता लिही. फळ्यावर दिलं होतं तेच लिही आणि आटप.’

तिने कागद घेतला, तारीख घातली, ‘प्रिय मैत्रीण’ लिहिलं आणि थांबली. पेनाचं टोपण चावू लागली. मग म्हणाली, ‘बाई, ते आमच्या घरी तसं नाहीये.’

‘कसं नाहीये?’

ती खाली मान घालून बसली. मी म्हटलं, ‘मग जसं आहे तसं लिही.’ हे वाक्य मी आजवर कुठल्याही मुलाला म्हटलं नव्हतं, आणि म्हटल्यावर मलाच जरा भीती वाटली.

तिने लिहायला घेतलं. ओळी तिरक्या जाऊ लागल्या. दोनदा खोडलं, एकदा इतकं गिरवलं की कागद फाटायला आला. घंटा झाली तेव्हा तिने पान माझ्यापुढे सरकवलं. त्यात लिहिलं होतं, ‘आमच्या घरी पाणी येत नाही. पप्पा नवीन बिल्डिंगचे वॉचमन आहेत. आम्ही तिथेच पत्र्याच्या खोलीत राहतो. मी आणि मम्मी खालच्या टाकीवरून पाणी आणतो. मी शाळेत यायच्या आधी चार कळश्या आणते. तुमच्या घरी कोण आणतं?’

‘फेअर करून देऊ, बाई?’ तिने विचारलं. कोरा कागद तिने आधीच पुढ्यात ओढून घेतला होता.

मी तो काढून घेतला आणि तिला वर्गात पाठवलं. दोन वर्षं मी तिच्या अक्षराचं कौतुक करत होते. ती कुठे राहते, हे मला नॉर्वेला जाणाऱ्या पत्रातून कळलं.