बंड्याचा न दुखणारा पाय

आधीच सांगते, मी गणिताच्या शिकवण्या घेते. भुतंखेतं, चकवा, करणी... असलं काही कोणी सांगायला लागलं की मी उठून चहा टाकायला जाते. तरी हे लिहितेय, कारण आमच्या ह्यांचं म्हणणं, "तू लिही, तुझ्यावर लोक विश्वास ठेवतील." बघू या.

आम्ही नाशिकला इंदिरानगरमध्ये राहतो. बंड्या आमचा लॅब्रेडॉर – खादाड, आळशी आणि लाडावलेला. गेल्या वर्षी त्याला गोचीड ताप झाला. हिरड्या पांढऱ्याफटक, मान उचलेना. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, "आजच रक्त द्यावं लागेल. एखादा तगडा, लसी दिलेला कुत्रा शोधा." मी रडत रडत दिसेल त्या ग्रुपवर मेसेज टाकले. थोड्याच वेळात सातपूरहून रशीदभाई आले. त्यांचं लेथचं, म्हणजे लोखंड कातायच्या मशीनचं, वर्कशॉप आहे आणि तिथे राखणीला रानी – काळीभोर, उंचीपुरी गावठी कुत्री.

"ताई, रडता कशाला?" ते म्हणाले. "आपली रानी आहे ना. काढा पाहिजे तेवढं."

रक्त जुळलं, बंड्या वाचला. त्याने पहिल्यांदा शेपूट हलवली तेव्हा मी दवाखान्यातच मोठ्याने रडले.

इथपर्यंत सगळं सायन्स. पुढचं ऐका...

काही महिन्यांनी बंड्या अचानक लंगडायला लागला. पुढचा डावा पाय टेकेचना. मॅडमनी पंजा उलटासुलटा करून पाहिला, एक्स-रे काढला. "पायात काहीच नाही हो. नाटकं करतोय का हा?" गोळ्या दिल्या, फरक शून्य. मग त्याने जेवण सोडलं. बंड्याने जेवण सोडलं म्हणजे... तुम्ही बंड्याला पाहिलेलं नाही, जाऊ दे. मी पुरती घाबरले.

संध्याकाळी रशीदभाईंचा सहज फोन आला, बंड्याची खुशाली विचारायला. मी रडगाणं सांगितलं.

"कोणता पाय, ताई?"

"पुढचा डावा."



"रानी पण परसोंपासून मशीनच्या मागे जाऊन बसली आहे. मला वाटलं, गरमीनं असेल. थांबा, बघतो..." मग घाईघाईने, "ताई, तिचा पण तोच पाय! पंजा टम्म फुगलाय, हात लावू देत नाय!"

सकाळी मी दवाखान्यात हजर. मॅडमनी रानीला भूल दिली आणि बोटांच्या बेचक्यातून लोखंडाचा पीळदार छिलका बाहेर काढला, लेथवर निघतो तसला. आत सगळा पू झाला होता. "अजून उशीर झाला असता तर पाय कापावा लागला असता," मॅडम म्हणाल्या. रशीदभाईंनी गुपचूप डोळे पुसले.

मी घरी फोन लावला. "बंड्या काय करतोय?"

"अगं, चालता चालता मध्येच आडवा झाला! हाका मारतोय, उठतच नाही, नुसता घोरतोय."

भूल रानीला, घोरतोय बंड्या! इकडे रानीने डोळे उघडले आणि ह्यांचा फोन आला, "उठला! चारही पाय टेकून आला आणि माझी पोळी पळवली!"

मॅडमना विचारलं तर म्हणाल्या, "दिलेल्या रक्तातल्या पेशी केव्हाच संपल्या असणार. मला नका विचारू." मी योगायोगाचं गणित मांडून पाहिलं... उत्तर येत नाही. अजूनही आलेलं नाही.

आणि परवा नवीनच. बंड्याने माझी जुनी साडी ओढत पलंगाखाली नेली, पायांनी उकरून गोल गादी केली आणि आत जाऊन कण्हत बसला. बंड्या नर आहे हो, तोही ऑपरेशन झालेला! या वेळी मी मॅडमना फोन केला नाही. थेट सातपूरला लावला.

"रशीदभाई, मुबारक हो."

"अरे! आत्ता, या मिनिटाला पहिलं पिल्लू झालं, ताई. तुम्हाला कोणी सांगितलं?"

मी वाकून पलंगाखाली पाहिलं. बंड्या दमला होता, पण शेपूट हलवत होता. म्हटलं, "त्यातलं एक पिल्लू आमचं, बरं का."