स्पीकर आणि माझे संथ हात

सांगलीच्या कॉलेजात पीएच.डी. करायला मी साताऱ्याहून आले, तेव्हा मला माझ्या हातांचा गर्व होता. घरी आईच्या सुईत दोरा ओवायचं काम माझंच. माझ्या मार्गदर्शक सरांनी वर्षभरात तो गर्व उतरवला. "तुमचे हात संथ आहेत," ते म्हणाले. "दिवाळीपर्यंत एक धड आलेख मिळाला नाही, तर विषय बदला."

मला इतका राग आला की दोन दिवस मी त्यांच्याशी कामापुरतंच बोलले.

काम सांगायला सोपं. पेशीच्या आवरणात अतिसूक्ष्म दारं असतात. ठरावीक रसायन लागलं की ती क्षणात उघडतात, आणि रसायन तसंच राहिलं की पेंगून मिटतात. केसाहून बारीक टोकाची काचेची नळी पेशीला चिकटवून मी त्या दारांतून वाहणारी वीज मोजत होते. नळी माझ्या हातून हमखास चिकटायची. घोडं अडायचं पुढे. एका हाताने ड्रॉपर दाबायचा, दुसऱ्याने नोंद सुरू करायची. रसायन सगळीकडे पोचेपर्यंत निम्मी दारं मिटलेली असायची.

बसस्टँडजवळ टेपरेकॉर्डर दुरुस्त करणारे एक काका होते, फौजेत वायरलेसवर नोकरी करून आलेले. दुरुस्तीला दिलेला माझा टेप आणायला मी गेले आणि वैतागून त्यांना सगळं सांगून टाकलं.

"किती झटक्यात हालाय पायजे?" त्यांनी विचारलं.

"सेकंदाच्या हजाराव्या भागात, काका."

"मग हाताला कशाला तरास देतीस? स्पीकर घे की पोरी. त्यो दिसभर दुसरं काय करतोय?"

त्यांनी जुन्या स्पीकरच्या पडद्यावर काडी चिकटवली. काडीला मी दोन कप्प्यांची काचेची नळी बसवली. एका कप्प्यातून साध्या द्रावणाची धार, दुसऱ्यातून रसायनाची. कॉम्प्युटरच्या एकाच इशाऱ्यावर स्पीकरने ही नळी सरकवून पेशीवर साध्याऐवजी रसायनाची धार आणायची आणि नोंदही सुरू व्हायची. पहिल्याच झटक्याला नळी फुटली. "लय जोर झाला," म्हणत काकांनी स्पीकरचा दम कमी केला.

दिवाळीला चार दिवस असताना कॉम्प्युटरच्या पडद्यावरची रेघ झपकन खाली आली, म्हणजे दारं एकदम उघडली, आणि ती मिटत गेली तशी सावकाश वर गेली. पुन्हा तशीच. वीस वेळा तशीच, आणि मी हात मांडीवर ठेवून नुसती बसलेली. मला रडू आलं, ते मी लपवलंही नाही.

सरांनी सगळे आलेख पाहिले. मग मला उठवून ते स्वतः बसले आणि ड्रॉपर उचलला. तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा उशीर.

ड्रॉपर खाली ठेवत ते म्हणाले, "मला हे कधीच जमलं नव्हतं. वाटलं, तुम्हाला जमेल."