क्लॅरनेटवाल्या मामांचा जबडा

मामांचा पूर्ण चेहरा मी पहिल्यांदा पाहिला तो त्यांना दवाखान्याच्या खुर्चीत आडवं केल्यावर. तोवर अर्धा तास ते गळ्यातल्या रुमालाचं टोक नाकाखाली धरूनच माझ्याशी बोलत होते. समोर बायको असो की एसटीचा कंडक्टर, तो रुमाल खाली यायचा नाही. चहासुद्धा ते भिंतीकडे तोंड करून प्यायचे. "दात दाखवायची लाज न्हाई ताई," ते म्हणाले, "दात न्हाईत हे दाखवायची हाय."

मामा जिंतूरच्या एका लग्नाच्या बँडमध्ये तीस वर्षं क्लॅरनेट वाजवत होते. एका वरातीत पुढच्या टेम्पोनं अचानक ब्रेक मारला आणि स्पीकरच्या पेटीचा कोपरा त्यांच्या तोंडावर आला. वरचे पुढचे चार दात गेले. क्लॅरनेट वाजवणाऱ्याचे वरचे दात वाद्याच्या टोकावर टेकलेले असतात, सगळा आधार तिथंच. मामांनी कवळी करून पाहिली. पण दात गेला की त्याच्या मुळाशी असलेलं हाड हळूहळू झिजून जातं. मामांचं इतकं झिजलं होतं की हिरडी सुरीच्या पात्यासारखी पातळ झाली होती आणि कवळीला धरायला काही उरलं नव्हतं. एका हळदीच्या कार्यक्रमात त्यांनी दम भरून सूर लावला आणि कवळी बाहेर येऊन मांडवात पडली. लोक हसले. बँडचा मालक भला माणूस, त्यानं मामांना काढलं नाही; हातात खुळखुळा दिला. "तीस वर्सं फुकलं," मामा म्हणायचे, "आता नुस्तं हलवायलोय."

मी तेव्हा दंतवैद्यकाचं पुढचं शिक्षण घेत होते. आमच्या सरांचं संशोधन होतं ते नेमकं यावरच: दात गेलेल्या जागी जबड्याचं हाड पुन्हा तयार करता येतं का. हिरडी उघडून हाडाची पूड भरायची, तिच्यावर पातळ पडदा अंथरायचा, टाके घालायचे आणि सहा महिने थांबायचं. हाड भरून आलं तर त्यात स्क्रू बसवून पक्के दात लावायचे. काही रुग्णांना नेहमीची पूड आणि काहींना सरांनी निवडलेली नवी. कुणाला कोणती, ते चिठ्ठी काढून ठरायचं. उपचार फुकट. कॉलेज दूरच्या शहरात होतं, पण मी मूळची परभणीजवळच्या मानवतची. म्हणून परभणीतल्या एका भाड्याच्या दवाखान्यात दर गुरुवारी रुग्ण पाहायचं काम माझ्याकडे आलं.

संमतीपत्राची पानं बाकीचे रुग्ण उलटतसुद्धा नसत, 'कुठं सही करू' एवढंच विचारत. मामांनी बाकावर बसून प्रत्येक ओळीखाली बोट फिरवत ती सगळी वाचली. एका ओळीवर थांबले.

"'काही रुग्णांमध्ये अपयश येऊ शकते.' ताई, आलेलं अपयश तुमी लिवून ठिवता का?"

"ठेवतो ना मामा. त्याच्यासाठीच तर हा अभ्यास."

"मंग ठीक. मंजे माझं बिघडलं तरी फुडच्या मानसाच्या कामाला येईल."

आणि त्यांनी स्वतःचं, वडलांचं आणि आडनाव असं पूर्ण नाव लिहून सही केली.

तारीख म्हणजे मामांच्या लेखी ठेका. "ठेक्यावर यायचं ताई. आदी न्हाई, मागून न्हाई." लग्नसराईत रात्रभर वरात करून ते सकाळच्या गाडीनं यायचे. एसटी बंद होती त्या आठवड्यात जीपच्या मागे लोंबकळत आले. बायकोनं डब्यात मऊ खिचडी दिलेली असायची, ती कोपऱ्यात पाठ करून खायची आणि डबा धुऊन पिशवीत ठेवायचा. सख्खा भाऊ वारला त्याच्या दुसऱ्या दिवशीही ते बाकावर दिसले. मी म्हटलं, "मामा, आज कशाला आलात?" तर म्हणाले, "तारीख व्हती."

चिठ्ठीत त्यांना नवी पूड आली होती. शस्त्रक्रिया चांगली झाली, पण सहाव्या आठवड्यात टाक्यांची जागा उकलली, पडदा उघडा पडला आणि पू झाला. मी धुतलं, औषधं दिली, पुन्हा धुतलं. तिसऱ्या महिन्यात भरलेलं सगळं काढून टाकावं लागलं. त्यासोबत मुळातलं होतं ते थोडं हाडही गेलं. कापूस लावून झाल्यावर मी त्यांना सांगितलं.

"मंजे आदी व्हतं त्याच्याहूनबी कमी?"

"हो मामा."

"फुकता येईल?"

"नाही."

"कदीच?"

मी ट्रेमधली हत्यारं आवरत राहिले. त्यांनी मान हलवली, रुमाल वर घेतला आणि विचारलं, "कागदावर घेतलं का?"

"घेते," म्हणून मी आतल्या खोलीत गेले आणि सरांना फोन लावला. त्यांनी मधुमेह आहे का विचारलं, विडी ओढतो का विचारलं. दोन्ही नव्हतं. मग ते म्हणाले, "तो परत आलाच नाही असं लिही. खेड्यातली माणसं, येत नाहीतच. कोण विचारणार आहे?" अर्धवट उघड्या दारातून मला मामा बाकावर बसलेले दिसत होते. मी लिहिलं: 'रुग्ण पुढील तपासणीस आला नाही.' अक्षर माझं, सही माझी. सरांना नाही म्हणता आलं असतं. परीक्षा तोंडावर होती, मार्गदर्शक तेच होते, याहून मोठं कारण माझ्याजवळ नव्हतं.

सहा महिन्यांच्या तारखेला मामा आले. आता करण्यासारखं काही नव्हतं हे त्यांनाही माहीत होतं. मी उगाच तोंड पाहिलं, गुळण्यांचं औषध दिलं. जाताना त्यांनी विचारलं, "लिवलं का?"

"लिहिलं."

मला पदवी मिळाली. सरांचा लेख छापून आला. मी परभणीत स्वतःचा दवाखाना टाकला. दोनेक वर्षांनी एक औषध विक्रेता आला आणि त्यानं त्याच पुडीचं पाकीट माझ्या टेबलावर ठेवलं. सोबत आमचाच लेख. 'तपासणीस आलेल्या सर्व रुग्णांमध्ये हाड भरून आले' या ओळीवर त्यानं पिवळी रेघ मारली होती. "मॅडम, तुमचंच नाव आहे यात," तो कौतुकानं म्हणाला. त्या संध्याकाळी मी दुसऱ्या दिवशीचे रुग्ण रद्द केले आणि सकाळी जिंतूरची गाडी धरली.

मामा अंगणात बाजेवर पडून होते. पोटाच्या आजारानं पार खंगले होते. मला पाहून उठून बसले. मी चप्पल काढून जमिनीवरच बसले आणि सांगून टाकलं, "मामा, मी खोटं लिहिलं. तुम्ही तपासणीला आलाच नाहीत, असं लिहिलं."

त्यांना आधी कळलंच नाही. मग ते घराकडे तोंड करून म्हणाले, "आगं, ऐकलं का? ह्या म्हनायल्यात, मी परभनीला गेलोच न्हाई."

मामी पिठाच्या हातानं दारात आल्या. "मंग दर बेस्तरवारी डबा कुनाचा बांधत व्हते मी?"

कुणी हसलं नाही.

मामा माझ्याकडे वळले. "ताई, हाड गेलं त्याचं मी काई धरलं न्हाई. बिघडू शकतं हे मी वाचूनच सही केली व्हती. पन तुमी तर मलाच काढून टाकलं." मग आवाज चढवून म्हणाले, "आता लिवा. हितं, माझ्याम्होरं."

त्यांच्या नातीच्या वहीतल्या पानावर मी कॉलेजच्या समितीला आणि लेख छापणाऱ्यांना पत्राचा मसुदा लिहिला. मामांनी तो वाचायला घेतला, पहिल्या दिवसासारखाच, ओळीखाली बोट फिरवत. 'दुर्दैवाने' या शब्दावर बोट थांबलं. "ह्ये खोडा. दैवाचा काय संबंद? पू झाला, हाड गेलं, तुमी लपीवलं. येवढंच लिवा." मी खोडलं. मामींनी चहा दिला. मामांनी घेतला नाही. निघताना मी म्हटलं, "येते मामा." आमच्या भागात पाहुण्याला 'या' म्हटल्याशिवाय कुणी निरोप देत नाही. मामा काही बोलले नाहीत.

पत्र गेलं. सरांचा एकदाच फोन आला. ते जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही. चौकशी बसली, माझी पदवी वर्षभर टांगणीला लागली आणि शेवटी ताकीद देऊन मला सोडलं. त्या वर्षातच मामा गेले. मला कळवायचं कुणाला सुचलं नाही, आणि का सुचावं?

नंतर केव्हातरी दुरुस्ती छापून आली. लेखातला एक तक्ता बदलला होता, बस. ती पूड अजूनही बाजारात मिळते. मी ते पान घेऊन मामींकडे गेले. त्यांनी पदराला हात पुसून कागद मांडीवर घेतला.

"ह्यात त्येंचं नाव कुटं हाय?"

"नाव छापत नाहीत मामी. हा अपयशाचा रकाना. इथं शून्य होतं, आता एक आहे."

"ह्यो एक मंजे ते?"

"हो."

मामींनी त्या आकड्यावर बोट ठेवलं.

"येवढुशासाठी," त्या म्हणाल्या, "किती हेलपाटे घातले त्या मानसानं."