मोठ्या जाऊबाईंना काय येत होतं

आमच्या मोठ्या जाऊबाईंना उभ्या जन्मात एकही निरुपयोगी माणूस भेटला नाही. आम्हाला रोज दोन-तीन तरी भेटायचे. पण आमच्या बेटावरच्या त्रियोले गावच्या त्या गल्लीत बाय (सगळे त्यांना बायच म्हणत) ज्याच्याशी दोन शब्द बोलत, त्याच्यात काहीतरी हुन्नर निघायचाच. सायकलवरून मासे विकणाऱ्या एका लाजऱ्या माणसाला त्या म्हणाल्या, "आवाज काय रे तुझा! बंदरापर्यंत पोचेल." त्या दिवसापासून तो पहाटे असा ओरडू लागला, की अर्धी गल्ली बायना शिव्या देत उठायची. मासे मात्र आठाच्या आत संपायचे. माझ्या नवऱ्याचं अक्षर सुंदर आहे, हे त्याच्या आईलाही ठाऊक नव्हतं. बायनी त्याला गावभरचे अर्ज लिहायला बसवलं, आणि त्या अक्षरावरच त्याला रोझ हिलच्या एका कचेरीत नोकरी लागली.

मी तर नवी नवरी, तोंडातून शब्द न काढणारी. वडिलांनी घरी मराठी लिहायला-वाचायला शिकवलेलं, एवढीच माझी पुंजी. बायना ते कळलं मात्र, देवळाच्या पडवीत संध्याकाळी मुलं जमवून त्यांनी मला पुढे ढकललं. "शिकव गो, तुला जमतंय." दिवसभर उसाच्या मळ्यात राबून आलेल्या बाय पोरांत मांडी घालून पहिल्या रांगेत बसल्या. फळ्यावर मी एकेक अक्षर काढलं की त्या बेटावरच्या क्रेओल बोलीत मोठ्याने शाबासकी द्यायच्या, "बिएं बों!" स्वतःला त्यातलं एकही अक्षर येत नव्हतं. शिकवते म्हटलं तर हसायच्या. "माझं राहू दे, पोरांचं बघ." पुढे मी सरकारी शाळेत मराठीची बाई झाले ती तिथून.

बेट स्वतंत्र व्हायच्या आदल्या वर्षी बायनी अंथरूण धरलं. माणूस इतकं वाळलं की उशीवर डोळेच तेवढे दिसत. एका दुपारी शाळेतून येऊन मी पाय चेपत बसले होते. त्यांनी एकदम विचारलं, "मला काय येत होतं गो?"

चाळीस पोरांना रोज शाबासकी देणारी मी, घाईघाईत म्हणाले, "बाय, तुमच्या हातची माशाची आमटी..."

"खारट व्हायची," त्या म्हणाल्या आणि बारीक हसल्या.

खरं उत्तर तेव्हा कुठे माझ्या ओठांवर आलं. तेवढ्यात मोठे दीर आत आले. बाय त्यांना म्हणाल्या, "अहो, ही दमून आलीय. चहा टाका तिच्यासाठी." दीर दारातच थबकले. उभ्या आयुष्यात ते चुलीजवळ गेले नव्हते. "मला कुठे येतंय?" ते पुटपुटले.

"येईल. तुमचा हात चांगला आहे."

धुराने चुरचुरणारे डोळे पुसत त्यांनी चहा केला. इतका कडू चहा मी पुन्हा प्यायले नाही. तो संपवून आत गेले, तर बायना झोप लागली होती. उठवावंसं वाटलं नाही. म्हटलं, उद्या सांगेन.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर बसमधून उतरले, तेव्हा आमच्या अंगणात माणसं जमली होती. दीर चुलीपुढे बसले होते. बायसाठी टाकलेला चहा उतरवायचंही भान त्यांना राहिलं नव्हतं.