भरलेल्या दांड्या

प्रत्येक माणूस एक तरी पाप असं बाळगून असतो, जे त्याच्यासोबत चितेवरच जळावं असं त्याला वाटतं. माझं कॉलेजच्या वाय-फायबद्दल आहे.

हसलात ना? हसा. दुसऱ्याचं असतं तर मीही हसलो असतो. पण हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही — बायकोला नाही, आणि स्टाफरूममध्ये तर नाहीच. तिथे बोललेली गोष्ट चहा संपायच्या आत संस्थेच्या अध्यक्षांपर्यंत पोचते.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी इतिहास शिकवतो. एका सेमिनारला बंद पडलेला प्रोजेक्टर मी प्लग नीट खोचून सुरू केला, आणि तेव्हापासून कॉम्प्युटरमधला जाणकार ठरलो. म्हणून कॉलेजात वाय-फाय आलं तेव्हा त्याचा प्रमुखही मीच. प्रत्येक मजल्यावर, ग्रंथालयात, मुलींच्या वसतिगृहात छताला पांढरे डबे लागले. सगळ्यांचा कारभार एकाच ठिकाणाहून — कोणता डबा किती जोरात चालतोय, कुणाचा फोन कोणत्या डब्याला जोडलाय, सगळं माझ्या स्क्रीनवर. पासवर्ड फक्त माझ्याकडे. उद्घाटनाला फीत कापली. वाय-फायला फीत कुठे बांधतात? जिन्याला. त्या जिन्यावर डबा नव्हता.

त्या फितीवर मी महिनाभर विनोद केले. हे लक्षात ठेवा.

डब्यांपर्यंतची वायर टाकली होती देवानंद राठोडनं. बसस्टँडजवळ त्याचं इलेक्ट्रिकचं दुकान. काम इतकं सरळ, नीटनेटकं, की प्राचार्य येणाऱ्या-जाणाऱ्याला मुद्दाम वर बघायला लावायचे. तेच बघून पुसदच्या एका शाळेनं त्याला बोलावलं होतं. "सर, आता हेच काम करतो," तो मला म्हणाला होता. "पंखे दुरुस्त करू करू कटाळलो."

मग तपासणी समिती यायची ठरली. प्राचार्यांना मोबाइलवर सगळीकडे सिग्नलच्या दांड्या पूर्ण भरलेल्या दिसायला हव्या होत्या, आणि मी —

नाही. हे खोटं आहे. प्राचार्य असं काहीच म्हणाले नव्हते. कल्पना माझी होती. पाहुणे कॉरिडॉरमधून चालताना खिशातून फोन काढणार, दांड्या बघणार, मान हलवणार; वापरून कोण बघतो? डबे बसवणाऱ्यांनी प्रत्येकाचा जोर बेताचा ठेवला होता. मी एका दुपारी सगळ्यांचा एकदम शेवटपर्यंत वाढवला. समितीनं फोन काढले, दांड्या बघितल्या, माना हलवल्या. फितीला हसणारा मी — माझी फीत मी हवेत बांधली होती. मला फार हुशार वाटलं.

समिती गेली आणि तक्रारी सुरू झाल्या. दांड्या भरलेल्या, आत काहीच चालत नाही. ग्रंथालयातून वर्गात जाईपर्यंत फोन अडकायचा. वसतिगृहातल्या मुली सरळ गेटबाहेर जाऊन स्वतःचा नेट वापरू लागल्या. मीटिंगमध्ये प्राचार्यांनी विचारलं, कारण काय? सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणालो, "वायरिंगमध्ये दोष असू शकतो." प्राचार्यांनी देवानंदला सगळी वायर काढून परत टाकायला सांगितलं.

तोवर मला खरंच ठाऊक नव्हतं. तेवढ्यावर थांबलं असतं तर मी फक्त अडाणी ठरलो असतो, आणि अडाणीपणाबद्दल कुणी असं तुमच्यासमोर येऊन बसत नाही.

पण दोन-तीन दिवसांनी मी ग्रंथालयात बसलो होतो, डोक्यावर डबा, आणि फोन चालेना. स्क्रीनवर बघितलं, तर मी जिथून आलो होतो त्या पलीकडच्या इमारतीतल्या डब्यालाच माझा फोन अजून जोडलेला होता. तेव्हा समजलं. लग्नसराईत शेजारशेजारच्या मंगल कार्यालयांनी एकाच वेळी डीजे लावावा, तसं मी करून ठेवलं होतं. लांबचा डबा एवढा ओरडत होता की फोनला वाटायचं तो जवळच आहे; फोन त्यालाच धरून बसायचा. पण फोनचा आवाज तो लहानसाच — तो काही तिकडे पोचत नव्हता. वायरीचा काही संबंध नव्हता. जोर कमी केला की काम झालं. दोन मिनिटांचं काम.

तोवर देवानंदनं एकही वायर उपटली नव्हती. हेच सांगायला मी बसलो आहे — तेव्हा मला ठाऊक होतं.

मी जोर का कमी केला नाही? कारण लगेच सुरळीत झालं असतं तर कुणीतरी विचारलं असतं, काय केलं? आणि मग, बिघडवलं कुणी? मी म्हटलं, आधी वायरीचं काम होऊन जाऊ दे.

मे महिन्यात, छताखाली हात घालवत नाही अशा उकाड्यात, देवानंदनं सगळी वायर काढून परत टाकली. खाली शिडी धरायला त्याची बायको सुनीता. मी बघायला गेलो. जायची काय गरज होती? तरी गेलो.

"सर, हे घरी धड जेवून नाही राह्यले," ती म्हणाली. "म्हणते, कुठं चुकलो तेच समजत नाही."

वरून देवानंद ओरडला, "तू शिडी पकड ना वं! सरले काय सांगून राह्यली?"

मी म्हणालो, "होतं असं कधी कधी."

हे मी म्हणालो. शब्द हेच होते.

काम संपलं त्या संध्याकाळी मी खोलीचं दार लावून सगळ्या डब्यांचा जोर कमी केला. सकाळपासून वाय-फाय असं चाललं की विचारू नका. प्राचार्य सगळ्यांसमोर म्हणाले, "बघा, शेवटी वायरच निघाली." आणि देवानंद — तो माझ्याकडे आला आणि हात जोडून म्हणाला, "सर, बरं झालं तुमी सांगितलं. मले तं वाटे, माहं काम बराबर हाय."

बराबरच होतं. मी त्याला चहा पाजला.

कॉलेजची वायर दोनदा टाकावी लागली, ही बातमी पुसदला पोचायला वेळ लागला नाही. शाळेनं दुसरा माणूस बघितला. देवानंदनं त्यांना फोनसुद्धा केला नाही. स्वतःच्या हातावरचा त्याचा विश्वास उडाला होता, आणि तो मी उडवला होता. असलं काम त्यानं परत घेतलं नाही. आता तो पंखे दुरुस्त करतो, उन्हाळ्यात कूलर विकतो. मला रस्त्यात बघितलं की गाडी थांबवतो, लोकांना सांगतो, सरले यातलं लय समजते.

मागच्या वर्षी त्यानं दुकानात वाय-फाय घेतलं. वायर ओढायला त्यानं यवतमाळहून माणूस बोलावला, आणि डबा लावून द्यायला मला. मी जोर बेताचा ठेवला. दांड्या दोनच दिसतात. व्यवस्थित चालतं.