पेनड्राइव्ह क्रमांक दोन

लॅपटॉप आता छान चालतो. बटण दाबलं की कपात चहा ओतून होईपर्यंत पडदा समोर येतो. मी केलेल्या कामाचा एवढा भाग शंभर टक्के यशस्वी झाला हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं सांगण्यासारखं चांगलं काही नाही.

मी फौजेत क्लार्क होतो. बंदूक हातात घेतली ती वर्षातनं एकदा, फायरिंगच्या सरावाला. बाकी सगळी नोकरी रजिस्टरं, मोजणी आणि सह्या यांत गेली. निवृत्त झाल्यावर शिरवळच्या एका कंपनीत गेटवर साहेब म्हणून काही वर्षं काढली आणि मग रहिमतपूरला घरी बसलो. घरी बसलेला फौजी म्हणजे घराला ताप. चपला रांगेत पाहिजेत, गॅसची टाकी कधी लावली ती तारीख भिंतीवर पाहिजे, किल्ल्यांना नंबर पाहिजेत. बायको म्हणायची, "आवं, ह्ये घर हाय, पलटण न्हाई." मी ऐकून घ्यायचो आणि नंबर लावायचो.

बायको प्राथमिक शाळेत शिक्षिका. तिची शाळा जत तालुक्याच्या पार पूर्वेला, कर्नाटकाच्या हद्दीला चिकटून. तिथं तिनं एक खोली घेतली होती. शनिवारी दोन एसट्या बदलून घरी यायची आणि सोमवारी पहाटे परत जायची. त्या गावातली पोरं घरात कानडी बोलतात आणि शाळेतलं पुस्तक असतं मराठी. त्यात मेंढपाळांची पोरं दिवाळीनंतर कळपामागं जातात ती उन्हाळ्यानंतरच परत येतात, म्हणजे त्यांच्या कानावर मराठी पडायची ती अर्धं वर्ष.

बायको तिथं रुजू झाली तेव्हा तिला कानडीचा गंध नव्हता. पहिल्याच आठवड्यात सहा वर्षांची एक पोरगी सारखी उठून काहीतरी विचारायची आणि बायको तिला हातानं खाली बसवायची. तिसऱ्यांदा ती उभ्या जागी ओली झाली. वर्ग हसला. ती पोरगी नंतर पंधरा दिवस शाळेत आली नाही. मला फोनवर हे सांगताना बायको रडली होती. मी म्हणालो, "त्यात रडायचं काय, दोन शब्द शिकून घे की." मी असाच आहे.

तिनं दोन नाही, सहाशेच्या वर शब्द गोळा केले. नऊ वर्षं लागली. एक शब्द, त्याचं पोरानं काढलेलं चित्र, त्याखाली घरचा कानडी शब्द आणि शाळेतला मराठी शब्द, आणि त्याच पोराच्या आवाजात दोन्ही. कुरी, मेंढी. नीरु, पाणी. मने, घर. चित्राचा फोटो लॅपटॉपवर चढवला की कागद ती पोराला परत द्यायची. पोराचं चित्र पोराच्या घरात लागलं पाहिजे, असं तिचं म्हणणं. पहिलीतलं पोर लॅपटॉपसमोर बसवलं की आपल्यासारखंच कुणीतरी आपल्या घरचा शब्द बोलतंय म्हणून ते आधी हसायचं आणि मग मागोमाग मराठी शब्द म्हणायचं.

यंदा मे महिन्यात ती निवृत्त व्हायची होती. पहिलीचा वर्ग ज्या बाईंकडं जाणार होता त्या नागपूरकडच्या, तरण्या, नुकत्याच आलेल्या. त्यांना कानडीचं अक्षर येत नाही. जाताना हे पुस्तक त्यांच्या हातात द्यायचं, एवढी एकच इच्छा बायकोनं नोकरीच्या शेवटाला धरली होती. सत्कार नको, अंगठी नको. ती पोरगी उभी राहिली तशी पुन्हा कुणी उभी राहू नये, बस.

फेब्रुवारीत लॅपटॉप रडायला लागला. सुरू व्हायला अर्धा तास, मध्येच निळा पडदा. पुण्याला नोकरीला असलेल्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "विंडोज नव्यानं टाकावं लागेल. मी पुढच्या रविवारी येतो. तुम्ही हात लावू नका." ज्याला मी मागं धरून सायकल शिकवली तो मला हात लावू नका म्हणतो! मी त्याला झाडला. शेवटी कंटाळून त्यानं काय काय करायचं ते क्रमानं लिहून पाठवलं. मी ते वहीत लाल शाईनं उतरवून काढलं. पहिली ओळ होती : डेस्कटॉपवरचं सगळं पेनड्राइव्हवर कॉपी करा.

बायको सोमवारी लॅपटॉप माझ्याकडं ठेवून गेली. जाताना म्हणाली, "पोरगं येऊ द्या की. कसली घाई?"

"तुझं काम अडलंय ना?"

"तसं न्हाई. पर त्यात माझं सगळं हाय."

मंगळवारी सकाळी आंघोळ करून बसलो. दोन पेनड्राइव्ह आणले होते, त्यांना औषधाच्या दुकानातली पांढरी पट्टी लावून वर पेनानं लिहिलं : एक, विंडोज. दोन, माल. एक नंबरवर विंडोज उतरवून घ्यायला आमच्या नेटनं दीड-दोन तास घेतले. यावरचं सगळं पुसलं जाईल अशी सूचना आली तेव्हा तो रिकामा आहे का हे मी तीनदा बघितलं. मग दोन नंबर. डेस्कटॉपवर कचऱ्याची टोपली सोडून टिचकी मारायची तेवीस चित्रं, म्हणजे आयकॉन, होती. सगळी निवडली, कॉपी केली, दोन नंबरवर टाकली. पापणी लवायच्या आत काम झालं. नऊ वर्षांचं काम पापणी लवायच्या आत! खरं म्हणजे तिथंच माझ्या टाळक्यात काहीतरी वाजायला पाहिजे होतं. मी खूश झालो. म्हटलं, काय यंत्र आहे.

आणि मी तपासलं नाही असंही नाही. इकडं तेवीस, तिकडं तेवीस, मोजून घेतलं. तेवढ्यावर न थांबता दोन नंबर उघडला आणि त्यातल्या 'शब्द' नावाच्या चित्रावर टिचकी मारली. सगळं उघडलं. मेंढी आली, घागर आली, विहीर आली. एक आवाज लावून बघितला. पुढचे दात पडलेलं कुठलंसं पोर म्हणालं, "नीरु. पाणी." मी वहीत त्या ओळीपुढं बरोबरची खूण केली आणि खाली सही ठोकली.

मी उघडलं ते काय होतं हे मला पुढं सांगलीच्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानदारानं समजावलं. मुलानं लॅपटॉप दिला तेव्हाच त्यानं आईचं पुस्तक आतल्या दुसऱ्या कप्प्यात, डी ड्राइव्हवर, ठेवलं होतं, विंडोज बिघडलं तरी ते सुरक्षित राहावं म्हणून. डेस्कटॉपवर ठेवली होती ती नुसती वाट दाखवणारी पाटी, शॉर्टकट. मी पेनड्राइव्हवर पाटी उचलून नेली. पाटीवर टिचकी मारली तेव्हा तिनं मला त्याच लॅपटॉपच्या आतल्या कप्प्यात नेऊन सोडलं, आणि मला वाटलं माल पेनड्राइव्हवर आला. दुकानदार म्हणाला, "काका, गावाची पाटी उपटून घरी आणली म्हणून गाव घरी येतं का?" मुलगाही लिहिताना ते विसरला होता. पण त्यानं हात लावू नका असं सांगितलं होतं, त्यामुळं त्याच्यावर ढकलायला मला तोंड नाही.

पुढचं काम मी एका व्हिडिओत बघून केलं. त्यातला माणूस म्हणत होता की काम स्वच्छ पाहिजे असेल तर आतले सगळे कप्पे काढून टाका, जुनं काही ठेवू नका. स्वच्छ हा शब्द कानावर पडला की माझं डोकं चालायचं थांबतं. एकेक कप्पा निवडला आणि पुसला. प्रत्येक वेळी यंत्रानं विचारलं, नक्की ना? प्रत्येक वेळी मी हो म्हणालो. पुस्तक त्या कप्प्यात सुखरूप होतं. मी आत जाऊन ते मारलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

चार वाजेपर्यंत सगळं झालं. तेवीस चित्रं परत डेस्कटॉपवर मांडली. त्यातली काही पांढरीफटक दिसत होती. मला वाटलं, नवीन विंडोजमध्ये अशीच दिसत असतील. बायकोला निरोप टाकला, काम फत्ते. तिनं हात जोडलेलं चित्र पाठवलं.

शनिवारी ती आली, पाय धुतले आणि पदराला हात पुसत लॅपटॉपसमोर बसली. तिनं 'शब्द'वर टिचकी मारली. यंत्रानं सांगितलं की ही पाटी जिथं नेते ती जागाच सापडत नाही. तिनं परत मारली.

"आवं, ह्ये उघडंना."

"नीट दाब."

"दाबलं की."

"तुला साधं एक दाबता येत नाही. सरक." मी तिच्यावर ओरडलो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही, पण मी आधी तिच्यावर ओरडलो. मग मी दाबलं. मग पेनड्राइव्ह लावून त्यातलं दाबलं. मग मुलाला फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, त्या 'शब्द'ची साइज किती दिसतेय?"

"दोन केबी."

"आई जवळ आहे का?" एवढंच त्यानं विचारलं. बायको माझ्या खांद्यामागंच उभी होती.

माझा पेन्शनचा दाखला, गॅसची बिलं, घरपट्टीची पावती, हे सगळं दोन नंबरवर जसंच्या तसं होतं. ते खरोखर डेस्कटॉपवरच होतं ना.

सोमवारी तिनं रजा टाकली आणि आम्ही सांगलीला गेलो. दुकानदारानं दुपारपर्यंत खटपट केली. म्हणाला, जुन्या पद्धतीची डिस्क असती तर पुसलेल्यातनं थोडंफार खरवडून काढलं असतं, हिच्यावर पुसलं की संपलं. दुसऱ्या दिवशी साताऱ्याला एकाकडं गेलो. त्यानं एवढाही वेळ घेतला नाही. परतताना एसटीत मी म्हणालो, "आपण परत करू. मी येतो तुझ्याबरोबर. मी फोटो काढीन, आवाज घेईन."

ती खिडकीबाहेर बघत होती. "ती पोरं आता सातवी-आठवीला गेली. आवाज फुटल्यात त्यांचं. काय मेंढरांमागं गेली ती आलीच न्हाईत. कुणाचा आवाज घेता?"

"मग आत्ताची पोरं घेऊ."

"दोन म्हयन्यांत सहाशे?" असं म्हणून तिनं डोळे मिटून घेतले.

तरीही तिनं नवी वही घातली. एप्रिल संपेपर्यंत चाळीस शब्द झाले. एक दिवस ती वही तिनं कपाटात ठेवली आणि पुन्हा काढली नाही. घरात मी बोलणंच कमी केलं होतं. चपला वाकड्या पडलेल्या दिसायच्या, तशाच पडू द्यायचो. सकाळी जाग आली की पहिली आठवण त्या 'नक्की ना'ची यायची, आणि मग उठून करायचं काय हे कळायचं नाही. आता घरातल्या प्रत्येक कागदाच्या तीन-तीन प्रती मी तीन ठिकाणी ठेवल्यात. बैल गेला आणि झोपा केला.

शाळेत निरोपाचा कार्यक्रम झाला. मी जाणार नव्हतो, तीच म्हणाली, चला. व्हरांड्यात मांडव घातला होता. गावातली माणसं, आया, पोरं दाटीवाटीनं बसली होती. तिला साडी दिली, माझाही सत्कार केला. मी खांद्यावर शाल आणि मांडीवर नारळ घेऊन पुढच्या ओळीत बसलो. नागपूरच्या बाई बोलायला उठल्या. भलं मन त्यांचं. म्हणाल्या, मला इथली भाषा येत नाही, मला फार भीती वाटत होती, पण मॅडमनी केलेलं पुस्तक मला मिळणार आहे म्हणून धीर आहे. आणि बायकोकडं वळून विचारलं, "मॅडम, आज देताय ना?"

बायकोनं त्यांना काही सांगितलेलंच नव्हतं. मला वाटलं होतं, सांगितलं असेल.

ती उठली. माईक तिनं नीट तोंडाजवळ धरला. म्हणाली, "बाई, ते पुस्तक गेलं. माझ्याच हातनं गेलं. मला त्यातलं काय कळत न्हाई, भलतंच बटन दाबलं आन् सगळं पुसलं. मला माफ करा." खाली पहिलीची पोरं मांडी घालून बसली होती, ती तिच्या तोंडाकडं बघत होती.

मी उठायला पाहिजे होतं. नुसतं उभं राहून एक वाक्य बोलायचं होतं. मांडीवरचा नारळ मी दोन्ही हातांनी धरला.

वातावरण हलकं व्हावं म्हणून मागनं एक जाणता माणूस म्हणाला, "मॅडम, सायबास्नी इचारायचं हुतं की! मिल्ट्रीतला मानूस, त्येंनी कवा पुसू दिलं नसतं."

मांडव हसला. सगळ्यांबरोबर मीही हसलो. बायकोनं माझ्याकडं बघितलं नाही. तिनं माईक खाली ठेवला आणि पोरांना वाटायचे पेढे उघडायला घेतले.